चंद्रकळेचं चिमणाळं

एकाच जेवणाला आपल्या भागात किती नावं असावीत! मराठी घरात डोहाळजेवण, शेजारच्या कानडी घरात कुबुस, नाहीतर बयके ऊटा. बयके म्हणजे इच्छा, डोहाळेच म्हणा ना, आणि ऊटा म्हणजे जेवण. शब्दाला शब्द चिकटून बसतो. बडोद्याला गेलं की तिथल्या गुजराती बायका त्यालाच सीमंत म्हणतात, ‘खोळो भरवो’ असंही म्हणतात. खोळो म्हणजे आपली ओटी. तिन्ही भाषांत आणखी एक गोष्ट मात्र सारखी आहे. गर्भारशीला हौसेने सगळं द्यायचं. हिरवी साडी, चुडा, फुलांची वाडी, पानातले पाच गोड पदार्थ. पण बाळासाठी काही द्यायचं नाही. बाळाचं जे काही ते बाळ आल्यावर. पहिलं झबलंसुद्धा नवं नको, कुणाच्या तरी धडधाकट मुलाचं जुनं, धुऊन मऊ झालेलं मागून आणायचं.

आमची आई धारवाडकडची. पाळण्याला कुणी उगीच हात लावला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘खाली तोट्टिला तूगबारदु!’ रिकामा पाळणा हलवू नये. बाबांकडच्या मराठी आजीचंही तेच म्हणणं. एरवी दोघींचं मिठापासून मसाल्यापर्यंत कशावर एकमत होत नसे, पण या बाबतीत मात्र पक्कं होतं.

हल्ली हे सगळं बदललं आहे, हे तुम्हीही बघत असाल. हॉल घेऊन ‘बेबी शॉवर’ होतात, फुग्यांची कमान असते, आणि येणाऱ्या बाळाची खोली आधीच सजवून ठेवतात. भिंतीवर ढग, छताला चांदण्या, पाळण्यावर बॅटरीवर फिरणारं आणि तेच ते इंग्रजी गाणं वाजवणारं प्लास्टिकचं चक्र. मला ते चक्र मुळीच आवडत नाही. पण हौसेला नावं ठेवू नयेत, एवढं वयाने शिकवलं आहे.

माझी भाची लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. टिळकवाडीत वाढलेली, घरात मराठी आणि अंगणात कानडी बोलणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. पोटातच. कारण कुणाला नीट सांगता आलं नाही. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी सगळे नियम काटेकोर पाळले होते. घरात दुपटंसुद्धा आणलं नव्हतं.

मागच्या वर्षी आषाढात तिचा फोन आला. सहावा महिना लागला होता. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि भाचीला डॉक्टरांनी प्रवास करायला मनाई केलेली. तेव्हा बाळंतपण तिकडेच, आणि माहेरचं माणूस म्हणून मी जायचं, असं ठरलंच होतं. म्हटलं, येताना काय आणू? लोणचं, मेतकूट, कुंदा? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मावशी, या वेळी बाळ यायच्या आधी मला घरात त्याचं काहीतरी हवंय. मागच्या वेळी काही आणूच दिलं नाहीत. दवाखान्यातून घरी आले तेव्हा आवरायलासुद्धा काही नव्हतं.’

मी शिवणकाम, भरतकाम करणारी बाई. चाळीस वर्षं खणाचे तुकडे साठवलेत. मी म्हटलं, आणते.

आणायचं काय, हे ठरायला वेळ लागला नाही. चिमणाळं. आताच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. पाळण्यावर टांगायचा पाखरांचा झुपका म्हणजे चिमणाळं. आमच्या लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेलं लाकडी होतं. त्यातला पोपट कायम उलटा लटकायचा. गुजराती घरांतही कापडी पोपटांच्या माळा असतात. मी कापडाचं करायचं ठरवलं. खडेबाजारातून गुळेदगुडच्या खणांचे दोन नवे तुकडे घेतले, बाकीचे घरचेच. आणि ट्रंकेच्या तळातून आईची चंद्रकळा काढली.

ही चंद्रकळा म्हणजे इरकली. काळीभोर, तांबडा पदर, आणि अंगभर आईने स्वतः काढलेली पांढरी कशिदा. कानडीत तिला चंद्रकाळी म्हणतात आणि कसुती मुळात तिच्यावरच शोभते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कसुतीत कापडावर आधी काही रेखून घेत नाहीत. ताणा-बाणा मोजत सुई घालायची. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंती हे तिचे चार टाके. गवंतीत दोरा एकदा पुढे धावतो आणि परत येताना मधल्या फटी भरतो, म्हणून दोन्ही बाजूंनी काम सारखंच दिसतं. गाठ मारायची नाही, निघाला तिथेच दोरा परत आणायचा. आईच्या साडीवर गोपुर होतं, रथ होता, हत्ती, तुळशीवृंदावन होतं, आणि काठाजवळ एका ओळीत बोटाएवढे पाळणे होते. साडी घडीवर विरली होती. नेसण्याजोगी राहिली नव्हती. तरीही तिच्यावर कात्री ठेवताना हात अडला. दोन दिवस ती तशीच पलंगावर पसरून ठेवली होती. मग फाटक्या घड्यांच्या मधला धड भाग मोजला आणि तेवढाच कापून घेतला.

बेंगळुरूहून राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्या बेळगाव, मिरज, पुणे करत बडोद्यावरून जातात. तशा एका गाडीने मी श्रावणाच्या तोंडावर पोचले.

बडोदा हे आपल्याला परकं वाटतच नाही, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गायकवाडांचं राज्य अठराव्या शतकापासून १९४९ पर्यंत चाललं. त्यांच्या चाकरीत देशावरून आणि कोकणातून किती कुटुंबं गेली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत अजून वाड्यांची मराठी नावं दिसतात. कीर्तिमंदिर, सुरसागर तलाव, खंडेराव मार्केट, सगळं पायी फिरण्यासारखं. तांबेकरांच्या वाड्यातली भित्तिचित्रं मी मुद्दाम जाऊन पाहिली. तिथले मराठी लोक बोलतात मात्र गोड गुजराती वळणाने. ‘ये ने’, ‘बस ने’, ‘थोडं शाक घे ने’. आपण नाही का ‘बा की’, ‘कर की’ म्हणतो, आणि पुण्याची माणसं हसतात! तसंच ते.

भाचीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, अशाच एका वाड्यातल्या. आता सगळे करेलीबागेत फ्लॅटमध्ये राहतात. विहीणबाई तरुणपणी महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकल्या. सयाजीराव महाराजांच्या राणीसाहेब चिमणाबाई यांच्या नावाची ही संस्था १९१४ पासूनची. बायकांना हातात कसब मिळावं म्हणून काढलेली. याच चिमणाबाई पुढे १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. अशा ठिकाणी तयार झालेल्या बाईपुढे सुई काढायची म्हणजे परीक्षाच. त्यांनी माझं काम हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘हात चांगला आहे तुमचा. पण हे आता कशाला?’

मी म्हटलं, तिला हवंय.

‘तिला काय कळतंय. बाळ येऊ दे सुखरूप. मग आपण दोघी मिळून घर भरू ने.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती. मागच्या वेळी सुनेला घेऊन रात्रीची दवाखान्यात गेलेली बाई त्या होत्या, मी नव्हते. म्हणून मी वाद घातला नाही, पण सुईही खाली ठेवली नाही. दुपारी जेवणं झाली की भाची कुशीवर पडून राहायची, मी तिच्या पायाशी बसून शिवायची. विहीणबाई आतबाहेर करायच्या आणि आमच्याकडे बघायच्या नाहीत.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत त्या बालविकास शिकवत असत. हे विद्यापीठही १९४९ सालचं, आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू एक बाई, हंसा मेहता. गृहविज्ञान शाखेला आता ‘कुटुंब आणि समाजविज्ञान’ असं नाव आहे. तर या बाई चहाला आल्या आणि माझी अर्धवट चिमणी बघून त्यांनी विचारलं, ‘ही कुणी बघायची आहे? तुम्ही की बाळाने?’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं पटलं की उसवून पुन्हा मांडणी केली. आपण चिमणाळं उभ्याने, बाजूने बघतो. चोची, डोळे, पंख, सगळी नक्षी बाजूला असते. बाळ मात्र खाली उताणं असतं. त्याला दिसतं ते पाखरांचं पोट! आणि बहुतेक चिमणाळ्यांची पोटं कोरी असतात. दुसरं म्हणजे, नवजात बाळाला फिकट गुलाबी-निळं फारसं कळतच नाही. साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्याला त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. आणि आवडतं ते ठसठशीत. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं. रॉबर्ट फँट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास हे दाखवून दिलं. त्याने तान्ह्या मुलांपुढे साधे रंगीत आणि नक्षीचे नमुने धरले, आणि मुलांची नजर कशावर जास्त वेळ टिकते हे मोजलं. जन्मून पाच दिवसही न झालेली मुलं साध्या रंगापेक्षा काळ्या-पांढऱ्या नक्षीकडे जास्त वेळ बघत होती.

मी आईच्या चंद्रकळेकडे बघितलं. काळ्यावर पांढरं!

तर आमच्या चिमण्या अशा झाल्या: पाठ खणाची, हिरवी-तांबडी, आपल्यासारख्या उभ्या माणसांसाठी. पोट चंद्रकळेचं, बाळासाठी. प्रत्येकीच्या पोटावर आईची एकेक नक्षी येईल असं कापलं होतं. एकीच्या पोटावर गोपुर, एकीच्या हत्ती, एकीच्या वृंदावन. जिथे जुना दोरा तुटला होता तिथे मी नवा भरला. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी काळ्या कापडावर धागे मोजणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दुपारच्या उन्हात खिडकीशी बसल्याशिवाय एक टाका पडत नसे. चिमणीत भरायला कापूस. टांगायला भरतकामाची आठ इंची बांबूची रिंग, मंगळबाजारातून आणलेली. मधोमध दोर लावला आणि बाकीच्या चिमण्या अशा बांधल्या की पंख सपाट राहून पोट खालीच राहील. त्यासाठी पाठीवर दोन ठिकाणी दोरा लागतो, एका दोऱ्याने पाखरू कलंडतं. झालं की जमिनीवर उताणी झोपून वर बघितलं. भाची हसायला लागली, मी तिलाही शेजारी कुशीला टेकून वर बघायला लावलं.

तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवते, कारण हौसेपेक्षा बाळ मोठं. मणी, टिकल्या, बटणं, घुंगरू काही लावायचं नाही. डोळेसुद्धा दोऱ्याचेच. सव्वा इंचाच्या नळीतून जाईल अशी कुठलीही वस्तू लहान मुलाच्या हाताजवळ नको. दोरे आखूड ठेवायचे आणि सगळं बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं वर. पहिले काही आठवडे बाळाची मान एका कुशीलाच वळलेली असते, म्हणून चिमणाळं नाकाच्या सरळ रेषेत न टांगता थोडं बाजूला घ्यायचं. आणि बाळ हातांवर रेटून छाती उचलायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की उतरवून ठेवायचं. तेव्हा ते खेळणं राहत नाही, धोका होतो.

दुपटं मी केलंच, जुन्या सुती साड्यांचं, दोन पदरी. कडेचा शेवटचा टाका घालण्याआधी कोपऱ्यात चार तांदळाचे दाणे ठेवले. आमच्याकडे गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत. पण ते जमिनीवर अंथरायला, पाळण्यात घालायला नव्हे. आता डॉक्टर सांगतात की बाळाने उताणं झोपावं आणि त्याच्याभोवती सैल पांघरूण, उशी, लोड काही असू नये. विहीणबाईंनी राईची उशी भरून ठेवली होती. डोकं गोल होण्यासाठी. एवढी एक गोष्ट मात्र त्यांनी बाळ यायच्या आधीच करून ठेवली होती, हे माझ्या लक्षात आलं, मी बोलले नाही. बालरोगतज्ज्ञांनी वर्षभर उशी नको म्हणून सांगितलं. ती राई पुढे दोन महिने आमच्या फोडणीत पडत होती.

आता पाळण्याची गोष्ट. पाळणा आजोळचा, ही आमच्या घरची रीत. बडोद्याजवळ संखेडा आहे, साधारण ४५ किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी. तिथलं लाखेचं लाकूडकाम सगळ्या गुजरातेत नावाजलेलं. आणि त्यातही घोडियुं. आपला पाळणा कडीला टांगलेला असतो. घोडियुं जमिनीवर उभं असतं, दोन बाजूला घोड्यासारखे पाय, वर आडवा दांडा, आणि त्याला झोळी. मी एकटी जाणार होते. सकाळी बघते तर विहीणबाई पर्स घेऊन तयार. ‘तुम्हाला भाव करता येणार नाही,’ म्हणाल्या.

वाटेत डभोई लागते. तिचा हिरा भागोळ दरवाजा कोरीवकामासाठी पाहण्यासारखा आहे. याच डभोईहून मियागामपर्यंत १८६२ साली खंडेराव गायकवाडांनी भारतातला पहिला नॅरो गेजचा लोहमार्ग टाकला. सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत. विहीणबाईंनी हे सगळं सांगितलं, बाळाचा विषय सोडून त्या दिवशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलल्या.

संखेड्याचं काम खराद्यांचं. सागाचा दांडा लेथवर फिरतो. त्यावर कथिलाच्या लगद्याने कुंचल्यानं नक्षी काढतात, ती रुपेरी दिसते. अकीकाच्या दगडाने घासतात. मग फिरत्या लाकडावर लाख चढवतात, ती घर्षणाच्या उष्णतेनेच वितळते, आणि पिवळसर लाखेखाली रुपेरी नक्षी सोनेरी होते. सोनं कुठेच नसतं. शेवटी केवड्याच्या पानाने चकाकी. आपल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांनाही लाख अशीच चढवतात आणि केवड्याचं पानच फिरवतात. मी हे सांगितल्यावर कारागीर खुश झाला. बाळ दांडा चावणार, म्हणून रंगाची चौकशी मी खोदून केली. घरगुती रंगांत दशलक्षात ९० भागांहून जास्त शिसं असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण लाखेत कोण कोणती पूड मिसळतो हे विचारल्याशिवाय कळत नाही. तुम्हीही विचारत जा.

दुकानाच्या मागे कोठार होतं. तिथे घोडियुंच घोडियुं. तीस-चाळीस तरी असतील. तांबडी, काळी, पांढरी. विहीणबाई दारातच थबकल्या. आत गेल्यावर त्यांच्या पदराचा धक्का एकाला लागला आणि त्याचा वरचा दांडा झुलला. त्यांनी पटकन दोन्ही हातांनी तो धरला. धरूनच उभ्या राहिल्या.

कारागीर म्हातारा होता. त्याला काय समजायचं ते समजलं असावं. गुजरातीत म्हणाला, ‘बेन, इथे सगळी रिकामीच असतात. दिवसभर हलतात. माझा जन्म यांच्यात गेला. सहा पोरं झाली, नातवंडं झाली.’ मग म्हणाला, तुम्ही आता पसंत करून जा, बयाणा द्या. बाळ आलं की फोन करा, मी पाठवतो. बरेच लोक असंच करतात. विहीणबाईंनी तांबडं पसंत केलं, आणि भाव अजिबात केला नाही.

परतीच्या बसमध्ये डभोई मागे पडेपर्यंत त्या गप्प होत्या. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, ‘मागच्या वेळी तिने काही नाव ठरवलं होतं का हो? तुम्हाला माहीत असेल.’

मला माहीत होतं. पण ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांनी मान हलवली. विचारलं की नाही, विचारलं तर केव्हा, ते मला ठाऊक नाही. त्या दोघी त्यानंतर संध्याकाळच्या गच्चीवर जरा जास्त वेळ बसायच्या, एवढं खरं.

डोहाळजेवण सातव्यात झालं, घरच्या घरी. पंधरा-वीस बायका. झोपाळा नको, नाव-चंद्र-धनुष्य नको, पेढा-बर्फीच्या वाट्याही नकोत, असं भाचीने आधीच सांगितलं होतं. गाणी झाली. मराठी झाली, गुजराती झाली, आणि मला एक कानडी म्हणायला लावलं, म्हटलं. अंगाईला गुजरातीत हालरडुं म्हणतात, आपल्या कानडीत जोगुळ. तिन्हींत बाळाला झोप मात्र एकाच चालीवर येत असावी. ओटी भरताना मी नारळाबरोबर दुपट्यात गुंडाळलेलं चिमणाळं तिच्या पदरात घातलं. कुणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी विहीणबाईंकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, ‘माझ्या विहिणीने केलंय. कसुती म्हणतात याला. बघा ने, उलट बाजू बघा.’

एक सांगायचं राहिलं. चिमण्या मी सात केल्या होत्या. सातवीच्या पोटावर काठाजवळचा पाळणा आला होता. बांधताना भाचीने ती बाजूला काढली आणि म्हणाली, ‘सहाच टांग.’ सातवी तिने उशाखाली ठेवली. मी कारण विचारलं नाही.

खोलीत चिमणाळं टांगायचं की नाही, यावर मात्र विहीणबाई हटल्या नाहीत. छताला कडी त्यांच्या मुलाने बसवली, तेवढं त्यांनी चालू दिलं. चिमणाळं कपाटात, दारामागे खिळ्याला. भाची कपाट उघडलं की त्याला बोट लावायची, ते जरा फिरायचं, ती दार बंद करायची. तिला तेवढं पुरत होतं.

नवरात्रात मुलगी झाली. बडोद्याचा गरबा तुम्हाला ठाऊकच आहे, रात्री उशिरापर्यंत मैदानांवरून ढोल ऐकू येतात. दवाखान्याच्या खिडकीतूनही ऐकू येत होते. आठव्या महिन्यापासून घरात कुणी नीट झोपलेलं नव्हतं. सिझेरियन झालं, पोर अडीच किलोची, रडायला जरा वेळ लावला तिने, आणि त्या वेळात विहीणबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. नंतर बाहेर येऊन त्यांनी पहिला फोन मुलाच्या मावशीला नाही, आत्याला नाही, संखेड्याला केला.

घोडियुं आलं तेव्हा ती सहा दिवसांची होती. कडीला चिमणाळं टांगलं. पहिले काही दिवस तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती खिडकीच्या गजांकडे बघायची, ठसठशीत उभे गज! मी मनातून खट्टू झाले होते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मालिश झाल्यावर तिला निजवलं, आणि ती हात-पाय हलवायची थांबली. हत्तीच्या चिमणीवर नजर ठरली. पंख्याच्या वाऱ्याने रिंग फिरली तशी तिची मान पाव इंच फिरली. भाचीला हाक मारावी तर आवाज होऊन तंद्री मोडेल, म्हणून मी तशीच उभी राहिले. वळून पाहिलं तर ती मागे दारात उभीच होती.

मी दिवाळी करून परत आले. संक्रांतीच्या आधी विहीणबाईंचा फोन: ‘त्या चंद्रकळेचं काही उरलंय का हो? बोरन्हाणाला काळं झबलं शिवायचंय. बाजारचं नको मला.’ धड असा हातभर तुकडा होता तो पाठवला. झबल्याचा फोटो आला. टाके इतके बारीक की फोटोत दिसले नाहीत. पदर मी ठेवून घेतला आहे.

फाल्गुनात पोर हातांवर छाती उचलायला लागली तेव्हा भाचीने चिमणाळं उतरवलं. उतरवलं म्हणजे ठेवणीत गेलं, असं नाही. दोर आणि रिंग काढून तिने चिमण्या सुट्या केल्या आणि धुऊन गच्चीवर दोरीला वाळत घातल्या. त्याचा फोटो मला पाठवला. मी मोजल्या. सात होत्या.